समुद्र न पाहिलेल्या मुलांचा समुद्र

मुलांस समुद्राविषयीं काय सांगावें आणि कसें सांगावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ शिक्षकांचा व पाठ्यपुस्तकें लिहिणारांचा आहे असें वाटतें. परंतु ज्या घरांत मुलांसाठीं पुस्तकें विकत घेतलीं जातात त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे. आणि पुस्तकांच्या गुणदोषांचा विचार करणें हें ज्यांचें काम, त्यांनीं तर तो टाळणें योग्य नव्हे. गेल्या कांहीं वर्षांत मराठींत मुलांसाठीं समुद्रावर बरेंच लिहिलें जाऊं लागलें आहे. रंगीत चित्रांचीं पुस्तकें इंग्रजीवरून भाषांतरित होतात, मासिकांतून लेख येतात, शाळांतून भित्तिपत्रकें लागतात. ही गोष्ट आनंदाचीच आहे. मात्र या लेखनाची पारख कोठें उभें राहून करावी, याविषयीं आमचें मत जरा निराळें आहे. मुंबई, रत्नागिरी किंवा मालवण येथें बसून ती करणें सोपें. कारण पुस्तकांत जें उणें राहिलें असेल तें तेथें दाराबाहेरचा समुद्र भरून काढतो. म्हणून आम्हीं या परीक्षेसाठीं जालन्याचा मस्तगड निवडला आहे.

मस्तगड हा कांहीं सह्याद्रीवरील दुर्ग नव्हे. निजामुल्मुल्क आसफजाह याच्या आज्ञेवरून काबिलखानानें इ. स. १७२५ मध्यें जालना शहरांत बांधलेली ही गढी; बांधकामाचें वर्ष सांगणारा फारसी शिलालेख तेथें आहे. 'जालना, सोन्याचा पाळणा' अशी ज्याची ख्याति, त्या शहरानें व्यापार पाहिला, कापूस पाहिला, बियाणें व पोलाद यांचे कारखाने पाहिले. समुद्र मात्र पाहिला नाहीं. सरळ रेषेंत मोजलें तरी मुंबईचा किनारा येथून तीनशें किलोमीटरांहून दूर आहे, आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारें पांचशें मीटर उंचीवर आहे. 'समुद्रसपाटी' हा शब्द येथल्या प्रत्येक मुलास पाठ असतो! जी वस्तु कधीं पाहिली नाहीं तिच्यापासून आपली उंची मोजण्यास तें शिकतें. सकाळीं अंथरुणावरून उठून भूमीस पाय लावण्यापूर्वीं जो श्लोक घरोघर मुलांकडून म्हणवून घेतात, त्यांतही पृथ्वीनें समुद्राचें वस्त्र नेसलें आहे असें सांगितलें आहे. म्हणजे शब्दांतून समुद्र या मुलांच्या घरीं रोज येतो. अर्थानें तो येतो कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

कांहीं दिवसांपूर्वीं एका संध्याकाळीं मस्तगडाजवळ खेळणाऱ्या चार मुलांशीं आमचें बोलणें झालें. समुद्राविषयीं त्यांस जें ठाऊक होतें तें ऐकून आम्ही थक्क झालों. निळा देवमासा हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी, ऑक्टोपसला तीन हृदयें असतात, प्रवाळ हा दगड नसून जिवांची वसाहत आहे, सारें बरोबर. मग आम्हीं सहज विचारलें, "बाळांनो, आपल्या या कुंडलिकेचें पाणी कोठें जातें?" एक म्हणाला, "पुढं जातं." दुसरा म्हणाला, "धरणांत जातं, काका." तिसरा, जो देवमाशाविषयीं सर्वांत अधिक बोलला होता, तो अंमळ विचार करून म्हणाला, "मुंबईच्या समुद्रांत जात असेल." चौथी एक लहान मुलगी होती. ती म्हणाली, "कुठंच जात नाहीं. आटून जातं."

ज्या मुलांना ऑक्टोपसचीं हृदयें मोजतां येतात, त्यांस आपल्या नदीचा शेवट ठाऊक नाहीं. हा दोष मुलांचा नव्हे. त्यांनीं जें वाचलें तें मन लावून वाचलें. त्यांच्या हातीं जें दिलें गेलें त्यांत ही गोष्ट नव्हती. म्हणून मुलांस सोडून आपण पुस्तकांकडे वळूं.

आपल्या पूर्वजांनीं समुद्रास रत्नाकर म्हटलें. मंथनाची कथा मराठी मुलांनीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते: चौदा रत्नें निघालीं, लक्ष्मी आली, ऐरावत आला, अमृत आलें. समुद्रावरील आजचीं बहुतेक पुस्तकें म्हणजे या मंथनाचीच नवी आवृत्ति होय. पान उलटावें तों एक रत्न बाहेर येतें. एका पानावर अंधारांत प्रकाशणारा मासा, दुसऱ्यावर राक्षसी शिंपला, तिसऱ्यावर तो तीन हृदयांचा ऑक्टोपस. चित्रें सुरेख असतात आणि माहिती बहुधा खरी असते. अद्भुत हा बालवाङ्मयाचा प्राण आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या पुस्तकानें मुलाचे डोळे विस्फारत नाहींत तें मुलांचें पुस्तकच नव्हे. आमची तक्रार एवढीच, कीं या पानांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नसतो, आणि वाचणाऱ्या मुलाशीं तर मुळींच नसतो. दुकानाच्या कांचेपलीकडचीं खेळणीं पाहावीं तसें मूल समुद्राकडे पाहतें. शिवाय मंथनाच्या कथेंत अमृताच्या आधीं हलाहल निघालें होतें, आणि तें कोणास तरी प्राशन करावें लागलें होतें, हा भाग हीं पुस्तकें गाळतात.

अद्भुताची चांगली परंपरा मराठी मुलांस लाभली नाहीं असें नाहीं. जूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराची सागरतळाच्या सफरीची कादंबरी १८७० मध्यें पूर्ण झाली; आणि भा. रा. भागवतांसारख्या लेखकामुळें व्हर्न हा मराठी मुलांच्या घरांतलाच झाला. त्या कादंबरींतील कॅप्टन नीमो हा पुढें १८७५ मधील दुसऱ्या एका कादंबरींत बुंदेलखंडाचा राजपुत्र निघतो. समुद्राच्या पोटांत राहणारा, कल्पित वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष हा समुद्रापासून दूरच्या हिंदी मुलखांतला असावा, हें आमच्या जालन्याच्या मुलांस मुद्दाम सांगण्यासारखें आहे. कारण २००३ च्या चित्रपटापासून नीमो हें नांव त्यांस एका नारिंगी माशाचें म्हणूनच ठाऊक आहे. याच कादंबरींत एक प्रसंग आहे. दक्षिणेकडील समुद्रांत देवमाशांचा कळप दिसतो. भालाईत नेड लँड त्यांच्या शिकारीची परवानगी मागतो. नीमो ती नाकारतो. केवळ मारण्याच्या हौसेखातर निरुपद्रवी जीव मारूं नये, असें त्याचें म्हणणें. १८७० सालीं हा विचार लहान नव्हता. परंतु लवकरच दांतांचे देवमासे त्या कळपावर चालून येतात, आणि तोच नीमो आपल्या पाणबुडीच्या पोलादी टोंकानें त्यांची कत्तल करतो. कारण ते क्रूर, म्हणून वध्य!

व्हर्न आपल्या काळाचा होता. त्याच्याशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. पण दीडशें वर्षें लोटलीं तरी आमचीं पुस्तकें समुद्रांतील जिवांची सुष्ट आणि दुष्ट अशी वांटणी करीतच आहेत. डॉल्फिन मित्र, कासव गरीब, शार्क खुनी. वस्तुतः शार्क मासे, ज्यांस आमचे कोळी मुशी म्हणतात, ते उशिरा वयांत येतात आणि त्यांस पिलें थोडीं होतात. म्हणून अतिरेकी मासेमारीनें ज्यांची संख्या चटकन् घटते अशा जिवांत त्यांची गणना आहे. ज्यास आपण खलनायक करून ठेविलें त्यालाच रक्षणाची गरज अधिक, हें मुलाला सांगण्याचें धैर्य लेखकांत पाहिजे. जो आवडतो त्याचेंच रक्षण करावयाचें, ही दया झाली. तिला रक्षणाचें शास्त्र म्हणतां येणार नाहीं.

दुसऱ्या प्रकारचीं पुस्तकें उपदेशाचीं. पहिल्या प्रकारांत जें हलाहल गाळलेलें असतें तें यांत कांठोकांठ भरलेलें असतें. तेलाचा तवंग, जाळ्यांत गुदमरलेलें कासव, पोटांत प्लास्टिकच्या पिशव्या असलेला देवमासा. आणि शेवटच्या पानावर 'समुद्र वाचवा' अशी आज्ञा. लेखकांचा हेतु शुद्ध आहे आणि त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु आठ वर्षांच्या मुलास जें करतां येत नाहीं तें करण्याची आज्ञा देणें म्हणजे त्याच्या माथीं निष्कारण अपराध लादणें होय. मस्तगडाजवळच्या मुलानें समुद्र वाचवावा तो कसा? तें एक चित्र काढतें, त्यास बक्षीस मिळतें, आणि विषय संपतो. ज्या दुःखावर आपल्या हातून कांहींच उपाय होत नाहीं त्याकडे पाठ फिरविण्यास माणूस लवकर शिकतो. मूल तर त्याहून लवकर शिकतें. कळवळा उत्पन्न व्हावा म्हणून जें पुस्तक लिहिलें, त्यानेंच निबरपणा उत्पन्न होतो.

या उपदेशपर पुस्तकांत कोळी बहुधा नसतोच. आणि असला तर जाळें टाकणारा खलपुरुष म्हणून असतो. महाराष्ट्र शासनानें डिसेंबर २०१८ मध्यें अशी योजना सुरू केली, कीं संरक्षित प्राणी जाळ्यांत सांपडल्यास जाळें कापून त्यास जिवंत सोडणाऱ्या कोळ्याला जाळ्याची भरपाई द्यावी. ती २५,००० रुपयांपर्यंत. जाळें हें कोळ्याचें शेत. आपलें शेत आपल्या हातानें कापून एका कासवास वाट देणारा माणूस, ही गोष्ट जालन्याच्या शेतकऱ्याच्या मुलास सांगून पाहावी. उभ्या पिकाची किंमत त्याच्या घरीं सर्वांस ठाऊक असते; तिचें मोल त्यास समजावून सांगावें लागणार नाहीं.

एकंदरींत, एक पुस्तक मुलास समुद्राचें प्रदर्शन दाखवितें आणि दुसरें त्यास समुद्राचा अपराधी ठरवितें. दोहोंत जें नाहीं तें म्हणजे नातें. नातें सांगावयाचें तर आधीं तें आहे हें दिसलें पाहिजे. आणि मस्तगडावरून तें दिसतें असें आमचें म्हणणें आहे.

८ जून हा जागतिक महासागर दिन. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार तो २००९ पासून पाळला जातो. आमच्याकडे त्या दिवशीं शाळांना बहुधा उन्हाळ्याची सुटी असते, म्हणून तो आला कधीं आणि गेला कधीं हें मराठवाड्यांतील मुलांस कळत नाहीं. परंतु याच ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागतें! मृगाचा लाल मखमली किडा मुलें तळहातावर घेतात, शेतकरी आभाळाकडे पाहतो, घरांत बियाण्याच्या पिशव्या येऊन पडतात. ज्या पावसाची सारा जिल्हा वाट पाहतो तो पाऊस म्हणजे समुद्रच होय. हिंदी महासागर व अरबी समुद्र यांवरून येणारे मोसमी वारे पाणी घेऊन निघतात. त्यांतलें पुष्कळसें सह्याद्रीवर ओततात, आणि उरलेलें घाटमाथ्याच्या पूर्वेस देतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचे पट्टे निर्माण होतात आणि त्यांचाही हिस्सा मराठवाड्यास मिळतो. वर्षाकांठीं जालन्यास जो सातशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो तो असा दोन समुद्रांच्या पदरचा आहे. हजारों कोसांवर प्रशांत महासागराचा पृष्ठभाग कांहीं अंशांनीं अधिक तापला, ज्यास अल नीनो म्हणतात, तर पुष्कळदां आमच्याकडील पाऊस ओढ देतो. महासागर दिनाचें आणि मृगाचें हें साहचर्य एखाद्या बालवाङ्मयाच्या लेखकास अजून सुचूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें. समुद्र जालन्याच्या मुलांस पाहावयास मिळत नाहीं असें नव्हे. तो दरवर्षीं त्यांच्या अंगणांत येतो आणि त्यांस भिजवून जातो. पुस्तकांनीं तेवढें त्याचें नांव सांगितलें नाहीं.

आणि तो परत जातो तो कुंडलिकेच्या वाटेनें. कुंडलिका दुधनेस मिळते, दुधना पूर्णेस मिळते, आणि पूर्णा परभणी जिल्ह्यांत गोदावरीस मिळते. गोदावरी ही मोठी विलक्षण नदी आहे. त्र्यंबकेश्वराजवळ ती उगम पावते तेथून अरबी समुद्र अवघा ऐंशी किलोमीटरांच्या आसपास; पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती पूर्वेस १,४६५ किलोमीटर चालते. नांदेड मागें पडतें, तेलंगण येतें, भद्राचलम् येतें, राजमहेंद्री येतें. त्याखालीं धवळेश्वरम् येथें तिला फांटे फुटतात. गौतमी, वासिष्ठी अशीं सप्तर्षींच्या नांवांचीं तिचीं सात मुखें परंपरेनें सांगितलीं आहेत. शेवटीं कांदळवनांतून वाट काढीत ती बंगालच्या उपसागरास मिळते; त्या कांदळवनांचा मोठा भाग कोरिंगा अभयारण्य म्हणून १९७८ पासून संरक्षित आहे. तेव्हां त्या तिसऱ्या मुलाचें उत्तर चुकलें होतें. जालन्याचा समुद्र मुंबईस नाहीं. तो आंध्राच्या किनाऱ्यावर आहे.

हा केवळ भूगोलाचा खुलासा नव्हे. सागरी जीवनाचा धडा येथूनच सुरू होतो. समुद्रांतील हिलसा मासा, ज्यास गोदावरीकांठचे लोक पुलसा म्हणतात, तो पुराच्या दिवसांत अंडीं घालण्यासाठीं समुद्र सोडून नदींत शिरतो व प्रवाहाविरुद्ध वर चढतो. आर्थर कॉटन यानें १८४७ ते १८५२ या काळांत धवळेश्वरम् येथें बंधारा बांधला. त्यानें गोदावरीच्या मुखाकडील प्रदेश सुपीक केला, दुष्काळ हटविला, आणि माशाची वाटही अडविली. उपकार आणि अपकार एकाच दगडांत कसे असतात हें मुलांस समजावयाचें असेल, तर यापेक्षां चांगलें उदाहरण मिळणार नाहीं. तसेंच गाळाचें. मराठवाड्याच्या काळ्या रानांतून पावसानें धुऊन नेलेली माती गोदावरीच्या मुखापाशीं साचत गेली. त्या मुखाकडील भूमींत आमच्या शेतांचाही अंश आहे. आतां वाटेवर धरणें झालीं, गाळ त्यांत अडकतो, आणि तेथील किनाऱ्याचा कांहीं भाग समुद्र खात चालला आहे. धरणें नसावींत असें आम्ही म्हणत नाहीं. जालन्यास तें म्हणणें शोभणारही नाहीं. पण नदीवर केलेलें प्रत्येक काम समुद्राच्या खात्यावर मांडलें जातें, एवढें तरी पुस्तकानें सांगावें.

पाठ्यपुस्तकें आंकड्यांवर समाधान मानतात. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर आणि भारताचा ७,५१६ किलोमीटर, हें पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलें गेलें. पुढें अधिक बारकाईनें मोजणी झाली आणि भारताचा किनारा ११,०९८ किलोमीटर भरला. समुद्र वाढला नाहीं. खांचाखोंचा धरून मोजल्यानें रेघ लांबली. किनारा म्हणजे सरळ रेघ नसून खाड्या, खाजणें व दलदली यांची गुंतागुंत आहे आणि तिच्याच आश्रयानें माशांचीं पिलें वाढतात, हें या एका आंकड्यावरून शिकवितां आलें असतें. आम्हीं जुना आंकडा खोडून नवा लिहिला आणि पुन्हां पाठ करावयास दिला.

शब्दांचीही अशीच गत आहे. जालन्याच्या मुलास पेंग्विन ठाऊक आहे, पण तिवर ठाऊक नाहीं. पांढरी चिप्पी हें २०२० पासून महाराष्ट्राचें राज्य कांदळवृक्ष आहे, पापलेट हा २०२३ पासून राज्यमासा आहे. पण ही माहिती स्पर्धापरीक्षेच्या उमेदवारास असते, मुलास नसते. नारळी पौर्णिमा आमच्याकडे राखीची आणि नारळीभाताची. पावसाळ्यांत खवळलेल्या समुद्रांत कोळी होड्या घालीत नसत, त्या काळांत कित्येक मासे अंडीं घालतात, आणि आज कायद्यानेंही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारी बंद असते. हें कारण नारळीभाताबरोबर वाढलें तर भात कांहीं कमी गोड लागणार नाहीं!

चांगलें शिक्षण कसें असतें याचें उदाहरण शोधावयास परदेशीं जाण्याची गरज नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें लहान गांव आहे. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें २००२ मध्यें तेथें सागरी कासवांच्या अंड्यांच्या रक्षणाचें काम सुरू केलें. ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें रात्रीं किनाऱ्यावर येऊन वाळूंत शंभराच्या आसपास अंडीं घालून निघून जातात. तीं अंडीं पूर्वीं चोरीस जात, कोल्हेकुत्रे खात. आतां गांवकरी तीं कुंपणाच्या आंत पुरतात, पन्नास-पंचावन्न दिवस राखतात, आणि पिलें वर आलीं कीं समुद्राच्या दिशेनें वाळूवर सोडतात. त्यांतून कासव महोत्सव उभा राहिला. शहरांतून मुलें पाहावयास येऊं लागलीं, गांवांतील घरांत उतरूं लागलीं, आणि गांवास चार पैसे मिळूं लागले. पिलू पाण्यापर्यंत स्वतः चालत जातें. त्यास उचलून ठेवीत नाहींत. पाहणाऱ्या मुलांस दोरीच्या अलीकडे गप्प उभें राहावें लागतें. आम्हांस या सर्वांत हीच गोष्ट अधिक शिकविणारी वाटते. मदत कोठें करावी याइतकेंच हात कोठें आवरावा हें कळणें, हाच रक्षणाचा पहिला पाठ होय.

याच किनाऱ्यावरील गुहागर येथें जानेवारी २०२५ मध्यें एक कासवी अंडीं घालण्यास आली. तिच्या पायास खुणेची पट्टी होती. ती पट्टी मार्च २०२१ मध्यें ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला बांधलेली होती! बंगालच्या उपसागरांतून सिंहलद्वीपास वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटरांच्या अंदाजाचा प्रवास करून ती कोंकणांत आली असावी. आम्हीं ही वार्ता वाचली तेव्हां मस्तगडाचीच आठवण झाली. आमच्या कुंडलिकेचें पाणी ज्या उपसागरांत जातें तेथून निघून ही कासवी आमच्या राज्याच्या दुसऱ्या अंगास आली. म्हणजे आमचे दोन समुद्र नकाशावर दोन असले तरी तिच्या लेखीं एकच आहेत. एवढी कथा हाताशीं असतां आमचे लेखक दूरदेशींच्या प्रवाळबेटांवरून आरंभ करतात, याचें वाईट वाटतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. ज्या जिल्ह्यानें २०१२-१३ च्या दुष्काळांत मोसंबीच्या बागा वाळतांना पाहिल्या, जेथें टँकरची वाट पाहण्यांत मुलांच्या सकाळी गेल्या, तेथें समुद्राच्या गोष्टी सांगणें हा पोट भरलेल्यांचा छंद नव्हे काय? आम्हीं या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. समुद्र ही एक दूरची शोभा म्हणून सांगावयाचा असेल, तर आक्षेप खरा आहे. परंतु पाणी कोठून येतें आणि कोठें जातें हें ज्यास कळलें नाहीं, त्यास आपली टंचाई हें नशीब वाटतें. जें मूल ढगाचें घर जाणतें, नदीचा शेवट जाणतें, त्यास आपली कोरडी नदी ही एका मोठ्या फेऱ्यांतील तुटलेली कडी म्हणून दिसेल. आणि तुटलेली कडी सांधण्याचा विचार माणूस करूं शकतो. तेव्हां समुद्राचें शिक्षण तहानलेल्या गांवीं अनाठायीं नाहीं. तें तेथें अधिक निकडीचें आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ लेखिका रेचेल कार्सन हिनें १९५१ मध्यें समुद्रावर एक ग्रंथ लिहून सामान्य वाचकांस समुद्राची गोडी लावली. तिच्या मृत्यूनंतर १९६५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका लहान पुस्तकांत तिनें म्हटलें आहे, कीं मुलांच्या बाबतींत माहितीपेक्षां भावना आधीं. आणि मुलाचें विस्मय टिकावयाचें तर तें विस्मय वांटून घेणारें एक तरी वडील माणूस त्याच्यासोबत पाहिजे. आपल्या भाचीच्या लहान मुलास ती रात्रीं मेनच्या किनाऱ्यावर लाटा पाहण्यास नेत असे. तिच्या दाराशीं समुद्र होता, आमच्या दाराशीं नाहीं. पण सोबत देणें आमच्या हातीं आहे. मुलाबरोबर कुंडलिकेच्या पुलावर जाऊन उभें राहण्यास पैसे पडत नाहींत.

म्हणून समुद्रावरील बालपुस्तक हातीं आलें म्हणजे आम्ही तीन प्रश्न विचारणार. मूल जेथें उभें आहे तेथून पुस्तक निघतें काय? त्यांतील जीव एकमेकांशीं आणि माणसांशीं बांधलेले आहेत, कीं फळीवर मांडलेले आहेत? आणि पुस्तक मिटल्यावर मुलास त्याच्या वयाजोगें पाहण्यास वा करण्यास कांहीं उरतें काय? तिसऱ्या प्रश्नाचें एक उदाहरण देतों. पहिल्या पावसापूर्वीं पुलाखालीं पडलेल्या वस्तूंची मुलांनीं यादी करावी: पिशव्या किती, बाटल्या किती, चपला किती. पहिला पूर येऊन गेल्यावर पुन्हां जाऊन पाहावें. यादींतील जें नाहींसें झालें तें कोठें गेलें? मग नकाशा उघडावा आणि दुधना, पूर्णा, गोदावरी अशी बोटानें वाट काढावी. 'समुद्र वाचवा' हें वाक्य त्यानंतर लिहावें लागणार नाहीं.

या तीन प्रश्नांस उतरणारें पुस्तक मराठींत व्हावें अशी आमची इच्छा आहे, आणि तें होणें अशक्य नाहीं. लागणारी सामग्री वर दिलेल्या वाटेवरच पडलेली आहे. त्या संध्याकाळीं मुलांचा निरोप घेतांना आम्हीं तिघांस नदीची वाट सांगितली. चौथ्या मुलीला मात्र कांहीं सांगतां आलें नाहीं. ती म्हणाली होती, पाणी आटून जातें; आणि डोळ्यांसमोरच्या उन्हाळ्यांत तिचेंच म्हणणें खरें होतें. आटलेलें पाणी कोठें जातें, तें परत कसें येतें, आणि आपल्या नदीनें समुद्रापर्यंत पोहोंचावें म्हणून आपण काय केलें पाहिजे, हें तिला पटेल असें जो लिहील, तोच मराठी मुलांसाठीं समुद्रावर लिहिण्यास अधिकारी, असें आम्ही समजतों.